खेळाआधीचे वाक्य

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला महाप्रसादाची पंगत बसते, तेव्हा नजर पोचेल तिथवर माणसेच दिसतात. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून पंगतीत फिरते. एवढ्या लोकांचे जेवण होते कसे, याचे नवल सगळ्यांनाच वाटते. पण त्याला चमत्कार कुणी म्हणत नाही. लाटणारे, तळणारे, वाढणारे हात सगळ्यांना दिसत असतात. शुकदास महाराजांनी उभारलेल्या या आश्रमाला ज्यांचे नाव आहे, त्या स्वामी विवेकानंदांनी मात्र हात न दिसणाऱ्या एका मेजवानीची गोष्ट सांगून ठेवली आहे.

८ जानेवारी १९०० रोजी लॉस एंजेलिसमध्ये मनाच्या शक्तींवर बोलताना त्यांना हैदराबादचा एक ब्राह्मण आठवला. लंगोटीखेरीज त्याच्या अंगावर काही ठेवले नव्हते. थंडी होती म्हणून स्वामींनी आपली घोंगडी त्याला दिली आणि कोपऱ्यात बसवले. पंचवीस माणसे टक लावून बघत होती. काय हवे ते लिहा, असे तो म्हणाला. लोकांनी त्या मुलखात न पिकणारी फळे लिहिली. घोंगडीखालून द्राक्षांचे घोस निघाले, संत्री निघाली आणि शेवटी दवाने भिजलेले गुलाब निघाले. हे काय आहे, असे स्वामींनी विचारले, तेव्हा तो सरळ म्हणाला की ही सगळी हातचलाखी आहे. स्वामींना मात्र ते पटले नाही. नुसत्या हातचलाखीने एवढा माल आणायचा कुठून, हा त्यांचा प्रश्न होता.

जादूच्या धंद्यातली नीती आणि अस्सलपणा यांवर जगभर जे वाद झाले, त्यांचा आढावा घ्यायला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. त्या अनामिक माणसाने आपले वाक्य बोलून टाकले होते, तरी समोरच्या प्रखर बुद्धीच्या श्रोत्याने ते मानले नाही. मग फसवणूक झाली का, आणि झाली असेल तर कुणी कुणाची केली? दुसरा प्रश्न याच्या पोटातला आहे. घोंगडीखालून फळे काढण्याची युक्ती त्याची स्वतःची होती, की बापाची, की गुरूची? पुढच्याने ती उचलली तर ती चोरी की परंपरा?

गारुडी, मांत्रिक, जादूगार

मराठीत घोळ शब्दापासूनच सुरू होतो. शाळेच्या पटांगणात टोपीतून कबुतर काढणारा जादू करतो आणि लिंबू-बिब्ब्याने करणी करणाराही जादूच करतो. ज्या कायद्याला लोक ‘जादूटोणाविरोधी’ म्हणतात, त्याच्या नावातही हा शब्द आहे. पोट भरण्यासाठी तोच शब्द पाटीवर लिहिणाऱ्या कलावंताला म्हणूनच आपण त्यांतले नाही, हे दर वेळी सांगावे लागते. ‘प्रयोग’ हा शब्द मात्र त्याच्या बाजूचा आहे. नाटकाचा प्रयोग, प्रयोगशाळेतला प्रयोग आणि जादूचे प्रयोग, तिन्हीकडे एकच शब्द. काहीतरी मुद्दाम मांडून दाखवले जात आहे, याची कबुली त्यातच आहे.

ही कबुली जुनी आहे. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्य दोरावर चढणाऱ्या मायावीचा दाखला देतात. ढाल-तलवार घेऊन दोरावर चढताना दिसतो तो एक आणि जमिनीवर उभा असतो तो खरा मायावी दुसरा. अद्वैत समजावताना आचार्यांना गारुड्याचा खेळ आठवतो, कारण दिसणे आणि असणे यांतले अंतर श्रोत्यांनी बाजारात पाहिलेले असणार, हे त्यांनी गृहीत धरले आहे.

रस्त्यावरच्या मदाऱ्याच्या खेळाला मात्र दोन अंगे होती, आणि नीतीचा प्रश्न त्यांच्या सांध्यावर आहे. पहिल्या अंगात वाट्या-गोळ्या, आंब्याची कोय, टोपलीतला जमुरा. विदर्भातल्या आठवडी बाजारातही हा माणूस हिंदीत बोलतो, मुलांना टाळ्या वाजवायला लावतो, आणि हा खेळ आहे हे सगळ्यांना कळत असते. दुसऱ्या अंगात जमुऱ्याच्या गळ्यावर सुरी येते, कापड रक्ताने भिजते आणि सूर बदलतो. रिंगण सोडून जाणाऱ्याचे वाईट होईल असा धाक येतो, आणि शेवटी ताईत किंवा अंगठी विकायला निघते. अमेरिकन अभ्यासक ली सीगल १९९१च्या आपल्या पुस्तकासाठी भारतातल्या अशा जादूगारांमध्ये वावरला, आणि खेळाकडून ताइताकडे जाणारी ही वाट त्याने बारकाईने नोंदवली. सुरी दोन्हीकडे तीच, जमुराही तोच. बदलतो तो फक्त माणसाचा दावा. आधी तो करमणुकीचे पैसे मागत होता, आता शक्तीचे मागतो.

आपल्या गारुड्यांवर सगळ्यांत मोठे खोटे मात्र परक्याने रचले. ‘शिकागो ट्रिब्यून’ने ऑगस्ट १८९० मध्ये भारतातल्या दोरखंडाच्या जादूची बातमी छापली. साक्षीदार म्हणून दिलेले नाव बनावट होते, आणि काही महिन्यांनी पत्राने ते कबूलही केले. पण खुलासा वाचतो कोण? बातमी जगभर गेली. तिचा लेखक जॉन विल्की पुढे अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख झाला. १९३४ मध्ये लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’च्या समितीने हा खेळ उघड्यावर करून दाखवणाऱ्याला ५०० गिनींचे बक्षीस लावले, तरी ते कुणाला मिळाले नाही. आचार्यांचा दृष्टांत हजार वर्षांनी जाहिरात होऊन परत आला, आणि न केलेल्या खेळाची कीर्ती आपण अजून मिरवतो.

कुणी कुणाचे उचलले

अस्सलपणाच्या बाबतीत जादूगारांचा इतिहास फार स्वच्छ नाही. चिंग लिंग फू हा खरा चिनी जादूगार अमेरिकेत गाजला, तेव्हा विल्यम रॉबिन्सन या अमेरिकनाने चिनी वेष चढवला आणि चुंग लिंग सू या नावाने युरोप गाजवला. रंगमंचावर तो इंग्रजी बोलत नसे. १९१८ मध्ये बंदुकीची गोळी झेलण्याच्या खेळात बार खरोखर उडाला, तेव्हा कुठे त्याच्या तोंडून इंग्रजी बाहेर पडले. आपल्याकडे धनपतराय गोगिया या पंजाबी माणसाने इजिप्शियन थाट घेतला आणि ‘गिली गिली’ हा मंत्र भारतीय मुलांच्या तोंडी बसवला. तो मंत्र मुळात इजिप्तच्या बंदरांवरच्या जादूवाल्यांचा.

सगळ्यांत बोलका वाद १९५५चा. हेल्मुट श्रायबर या जर्मन जादूगाराने पी. सी. सरकार यांच्यावर आपले खेळ चोरल्याचा आरोप केला. या श्रायबरचे रंगमंचावरचे नाव होते कालानाग, म्हणजे आपला काळा नाग, किपलिंगच्या गोष्टीतल्या हत्तीवरून घेतलेला! सरकारांनीही आपल्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग ‘सॉर्सरर’शी जुळेल असे बदलून घेतले होते. कालानागचेच निम्मे सामान उसने आहे, असे म्हणत काही जादूगार सरकारांच्या बाजूने उभे राहिले. भारतीय नाव उचललेला जर्मन पाश्चात्त्य पेट्या उचललेल्या बंगाल्याला चोर म्हणत होता. यात कोण खरा?

मला वाटते, हा वाद पेट्यांवर सुटत नाही. बाई कापण्याचा खेळ पर्सी सेल्बिटने १९२१ मध्ये लंडनमध्ये दाखवला. त्याच वर्षी होरेस गोल्डिनने वेगळ्या रचनेचा तसाच खेळ अमेरिकेत आणला, आणि पुढे अनेकांनी करवती फिरवल्या. पण ९ एप्रिल १९५६ च्या रात्री बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात सरकारांनी आपली सहायक दीप्ती डे हिच्यावर गोल करवत फिरवली, तिला हाका मारल्या, ती उठली नाही, आणि निवेदक पुढे येऊन कार्यक्रम आवरता घेतो म्हणाला. मुलगी मेली अशा समजुतीने फोन खणखणू लागले, आणि सरकारांच्या लंडनच्या खेळांची तिकिटे हातोहात खपली. करवत सरकारांची नव्हती, पण ती शांतता सरकारांची होती. महाराजाचा पोशाख, ‘इंद्रजाल’ हे नाव, पडद्यापासून वाद्यांपर्यंतचा भारतीय दरबार, हे सगळे त्यांनी घडवलेले होते. त्या रात्री घरोघर बसलेल्या माणसांना जो धसका बसला, त्याचा हिशेबही त्यांच्याच नावावर मांडायला हवा. आपली कला अस्सल असली तरी तिचे परिणाम माफ होत नाहीत.

महाराष्ट्रात हेच दुसऱ्या पद्धतीने घडले. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांचे नाव मराठी घराघरात पोचले. ‘प्रवासी जादूगार’ या पुस्तकामुळे तर ते मराठी वाचकाला प्रवासवर्णनकार म्हणूनही ओळखीचे झाले. त्यांचा खेळ मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी पुढे नेला. गायकीच्या घराण्यात बंदिश चोरली असे कुणी म्हणत नाही, कारण ती कुणाकडून आली हे गाणारा सांगतो, आणि कानाला हात लावून सांगतो. जादूत अडचण अशी की खेळ कुणाचा हे सांगता येते, पण तो कसा हे सांगायचे नाही. त्यामुळे ऋण मानण्याची आपली ओळखीची रीत इथे अर्धीच चालते, आणि उरलेल्या अर्ध्या अंधारात उचलेगिरी वाढते.

कायद्याची घोंगडी

कायद्याने ही चोरी अडवावी तर पहिलाच पेच हास्यास्पद आहे. गोल्डिनने आपल्या पेटीचे पेटंट १९२३ मध्ये घेतले. पेटंट म्हणजे सरकारदफ्तरी सगळ्यांना वाचता येईल असे वर्णन, आणि जादूगाराची सगळी मालमत्ता तर न वाचण्यात. १९३३ मध्ये एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातीत तो खेळ उघडा पाडला. गोल्डिन कोर्टात गेला, पण १९३८ मध्ये हरला. जे तुम्हीच जाहीर केले, ते गुपित कसे, एवढाच त्यातला सवाल होता.

कॉपीराइटची वाट थोडी पुढे जाते. टेलर या अमेरिकन जादूगाराच्या एका खेळात फुलदाणीत गुलाब असतो आणि मागच्या पडद्यावर त्याची सावली. टेलर सुरीने सावलीची पाने कापतो, आणि खऱ्या गुलाबाची पाने गळतात. हा खेळ त्याने १९८३ मध्ये मूकनाट्य म्हणून नोंदवून ठेवला होता. युरोपातल्या एका कलाकाराने तसाच खेळ चित्रफितीत दाखवून गुपित विकायला काढले, तेव्हा टेलरने दावा लावला, आणि २०१४ मध्ये नेव्हाडाच्या संघीय न्यायालयाने तो मान्य केला. न्यायालयाचे म्हणणे आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घालते. युक्तीला कॉपीराइट नाही. पण सावली, सुरी, गळणारी पाने आणि त्या शांत हालचाली मिळून जे मूकनाट्य होते, त्याला आहे. दुसऱ्याची युक्ती आतून वेगळी असली तरी त्याने सुटका होत नाही. कायद्यालाही गुपितापेक्षा मांडणीच महत्त्वाची वाटली.

भारतीय कायद्याचे दोन चेहरे मात्र फारसे कुणी शेजारी ठेवून पाहत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने ‘सादरकर्ता’ या शब्दाची व्याख्या आली. तीत नट, गायक, वादक, नर्तक यांच्या पंगतीला डोंबारी, हातचलाखीवाला आणि सापवाला गारुडीही बसले आहेत. त्यांच्या सादरीकरणाचे परवानगीविना चित्रण किंवा प्रसारण झाले तर आज ५० वर्षांपर्यंत त्यांना हक्क सांगता येतो. दुसऱ्या जादूगाराने तोच खेळ केला तर मात्र हा हक्क कामाचा नाही. आता दुसरा चेहरा. १९५९चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा सार्वजनिक जागी गाणे, नाच, भविष्यकथन किंवा कसरत-खेळ यांच्या मिषाने पैसे मागणे हीदेखील भीकच ठरवतो. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली, पण तो निकाल दिल्लीपुरता. म्हणजे रस्त्यावरचा जादूगार एका कायद्याने कलावंत आहे आणि दुसऱ्याने आरोपी. त्याला अस्सलपणाचे धडे देणाऱ्या आपण नाट्यगृहवाल्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे, की आज विकत मिळणाऱ्या अनेक खेळांचे मूळ त्याच्याच झोळीत आहे, आणि त्याबद्दल त्याला कुणी दमडी दिलेली नाही.

गुपित फोडणारे

‘मॅजिक सर्कल’ची स्थापना १९०५ची, आणि तिचे लॅटिन बोधवाक्य गुपित न फोडण्याचे व्रत सांगते. महाराष्ट्रात मात्र गुपित फोडणे हीच नीती मानणारी चळवळ उभी राहिली, म्हणून हा वाद इथे जगापेक्षा वेगळा झाला. केरळात जन्मून श्रीलंकेत स्थायिक झालेल्या अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये चमत्कार सिद्ध करणाऱ्याला एक लाख रुपयांचे आव्हान दिले. त्यांचे काम बी. प्रेमानंद यांनी पुढे चालवले. नागपूरचे श्याम मानव, आणि १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या कार्यकर्त्यांनी जादूगाराची झोळी खांद्यावर घेऊन शाळा-कॉलेजे पालथी घातली. नारळावर पाणी शिंपडले की तो पेटतो, लिंबू कापले की लाल होते, जिभेवर कापूर जळतो. आधी खेळ, मग मुलांना प्रश्न, मग खुलासा, हा क्रम ठरलेला.

या कार्यक्रमांमुळे आमच्या पोटावर पाय येतो, अशी जादूगारांची तक्रार असू शकते, आणि ती अगदीच पोकळ नाही. रिकाम्या झालेल्या तांब्यातून पुन्हा पाणी काढण्याचा खेळ आजही नाट्यगृहात टाळ्या घेतो, आणि उद्या एखादा बुवा तोच तांब्या तीर्थ म्हणून फिरवू शकतो. मग तांब्याचे गुपित फोडायचे की नाही? माझे उत्तर असे की तांब्या बघून ठरवू नये, वाक्य बघून ठरवावे. बुवा ज्या जागी तो तांब्या विकतो, त्या जागी तो फोडावा. जादूगाराच्या खेळानंतर दारात उभे राहून तो फोडणे मात्र असभ्यपणा आहे, विज्ञाननिष्ठा नव्हे. पेटत्या नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो आणि पाणी लागताच तो पेट घेतो, हे मी इथे लिहितो, कारण त्या नारळाच्या जोरावर भानामतीच्या नावाने घरे लुबाडली जातात. तांब्याचे लिहीत नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे, त्यांच्या प्रचार-प्रसाराने लोकांना फसवणे व दहशत घालणे हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कीर्तन, प्रवचन आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन यांना कायद्याने वगळले आहे. जादूगारही लोकांना थक्क करून पैसे मिळवतो. तरी त्याला या अनुसूचीची भीती नसते, याचे कारण तो ‘चमत्कार’ म्हणत नाही. त्याचे संरक्षण त्या एका न उच्चारलेल्या शब्दात आहे.

मन वाचणारे

‘चमत्कार’ हा शब्द सगळ्यांत निसरडा होतो तो मन वाचण्याच्या खेळात. टोपीतल्या कबुतरावर कुणी आयुष्याचा निर्णय घेत नाही, पण मनातले ओळखणाऱ्याला लोक खेळ संपल्यावर गाठतात आणि मुलाचे लग्न कधी होईल ते विचारतात. विवेकानंदांच्या त्याच व्याख्यानात अशीही एक हकीकत आहे. एका माणसाने आधीच कागदावर लिहून खिशात ठेवायला दिले होते, ते आणि नंतर तिघांनी मनात धरलेली संस्कृत, अरबी आणि जर्मन वाक्ये तंतोतंत जुळली. आजच्या मेंटॅलिस्टांचा हा हुकमी आयटम आहे.

जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात, लोकांच्या मनातले ओळखण्याचा दावा करणाऱ्या बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना श्याम मानव यांनी ३० लाखांचे आव्हान दिले. पोलिसांना गुन्हा आढळला नाही, वाद मात्र देशभर गेला. त्याच आठवड्यांत सुहानी शाह ही जादूगार दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर लोकांच्या मनातली नावे ओळखून दाखवत होती, आणि ही विद्या नाही, कला आहे, असे वारंवार सांगत होती. तिने एकही गुपित फोडले नाही, तरी तिच्या कार्यक्रमांनी शंभर खुलाशांचे काम केले. नीती आणि गुपित एकमेकांचे वैरी नाहीत, हे मला त्या आठवड्यांत पटले.

मात्र मेंटॅलिस्टांनीही स्वतःची एक पळवाट बुजवायला हवी. हे सगळे मानसशास्त्र आहे, देहबोली आहे, असे सांगून अनेकजण खेळ करतात, आणि पुष्कळदा खेळाचे खरे इंजिन वेगळेच असते. दैवी शक्तीऐवजी शास्त्राचे नाव घेतले म्हणून खोटे खरे होत नाही. मंचावर ते कथानक म्हणून चालेल, पण त्याच ‘शास्त्रा’ची शिबिरे भरवून फी घेतली तर ती ताइताचीच विक्री झाली.

मग नियम काय

लेखी नियमांपेक्षा या धंद्यात लाज जास्त काम करते. सगळ्या वादांतून मला तीन गोष्टी उरलेल्या दिसतात. विकत घेतलेल्या खेळाची युक्ती आपली होते, पण विकणाऱ्याच्या चित्रफितीतले विनोद, थांबे आणि हातवारे आपले होत नाहीत. ज्याचा खेळ अजून बाजारात नाही, त्याचा खेळ नुसता बघून बांधणे ही चोरी, मग कायदा काहीही म्हणो. आणि कुणाकडून शिकलो, हे गायकासारखे उघड सांगता येते; त्याने गुपित फुटत नाही. हल्ली मोबाइलवर गुपिते फुकट मिळतात, म्हणून कला संपली असे म्हणणाऱ्यांनी सरकारांची ती शांतता आठवावी. ती कुठल्याही खुलाशाच्या चित्रफितीत सापडत नाही.

पुन्हा हैदराबादच्या त्या माणसाकडे येऊ. त्याच व्याख्यानात विवेकानंदांनी त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली आहे. त्याला ताप आला होता, आणि साधूने डोक्यावर हात ठेवला तर तो उतरेल, अशी त्याची श्रद्धा होती. ती मागणी मान्य झाली, तेव्हाच त्याने खेळ दाखवायचे कबूल केले. म्हणजे आपल्या द्राक्षांना हातचलाखी म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या हातात शक्ती आहे असे मानत होता, आणि ती द्राक्षे पाहणारा साधू त्याच्या हातचलाखीत शक्ती शोधत होता. दोघांपैकी कुणीही कुणाला फसवले नाही. विश्वास ठेवायची हौस बघणाऱ्याची असते, आणि जादूगाराला ती पुसून टाकता येत नाही. तिच्यावर पैसे न कमावणे एवढेच त्याच्या हातात असते. त्या ब्राह्मणाने खेळासाठी द्राक्षे काढली, ती लोकांना खायला दिली, आणि विचारल्यावर खरे ते सांगितले.